न्हाणीतला जाळ विझवण्याआधी: जुन्या गोमंतकीय घरातलं गरम पाणी, ओल आणि सेन्सर

जुन्या वास्तूंमधली ऊब कार्बनमुक्त कशी करावी, यावर इंटरनेटवर मिळणारं बहुतेक लेखन थंड देशांतलं असतं. दगडी चर्च, त्यातले रेडिएटर, तेलावरचा बॉयलर काढून बसवलेला हीट पंप, खोलीखोलीतले थर्मोस्टॅट. ते वाचून गोव्यातला माणूस पान उलटतो, कारण जानेवारीच्या पहाटेही पणजीत पारा २० अंशांच्या आसपास असतो. आपल्याला हवा असतो पंखा.

पण तापवण्याचं काम आपल्याही घरात रोज होतं आणि त्याची जागा ठरलेली असते: न्हाणी. चुलाणावर तांब्याचं भाण, खाली नारळाची सोडणं, माडाची चुडतं, करवंट्या. कुठे त्या जागी गॅस गिझर आला, कुठे प्रत्येक बाथरूममध्ये कॉइलचा गिझर. जुनं घर होमस्टे झालं असेल, तर सहा खोल्यांना सहा गिझर. घरातलं कार्बनचं खातं उघडायचं तर पहिलं पान इथलं.

आमच्या फोंड्याच्या घरात आम्ही हे काम आधी चुकीचं केलं. चूल बंद केली, गिझर लावले, धूर गेला म्हणून सगळे खूश. दोन पावसाळ्यांनी न्हाणीवरचं कौल फुटलं म्हणून सुतार वर चढला आणि त्याने वाशाला नख लावलं, तर लाकूड भिजलेल्या बिस्किटासारखं निघालं. तो जाळ फक्त पाणी तापवत नव्हता, हे तेव्हा कळलं. तो वरचे वासे आणि रिपा कोरडे ठेवत होता, धुराने वाळवी-भुंगे लांब ठेवत होता, आणि पावसात सोलं, सुपारी, न वाळलेले कपडे हेही त्याच्याच अंगावर होतं. चूल विझवताना ही सगळी कामं कुणाला तरी वाटून द्यावी लागतात. या लेखातली सेन्सर, मीटर, ॲप ही सारी मंडळी त्या वाटणीसाठी आहेत.

पायरी १: जाळ काय काय करतो ते लिहून काढा

वही घ्या आणि घरातल्या सगळ्यात जुन्या माणसाशेजारी बसा. आमच्याकडे ती काकी. तिने अर्ध्या तासात सांगितलेलं मला कुठल्याही मीटरवरून कळलं नसतं: पाणी पहाटे कुणाला किती लागतं, पावसाळ्यात चूल दुपारीही का धुमसत ठेवायची, कुठल्या कोठीची भिंत न्हाणीला लागून असल्याने भात तिथेच का ठेवायचा. आजही चूल चालू असेल तर आठवडाभर जळण तागडीवर घालून लिहा. गॅस असेल तर सिलिंडर वजनकाट्यावर ठेवा. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावर कोरलेलं असतं, म्हणजे आत किती उरलंय ते रोज वाचता येतं.

पायरी २: मोजणी

ही पायरी सगळ्यात लांब, आणि हीच लोक वगळतात. विक्रेता घरी येतो, भिंतींकडे पाहतो आणि संध्याकाळी कोटेशन पाठवतो. त्याला नकार द्या. जुन्या घराला निदान एक पावसाळा आणि एक हिवाळा मोजल्याशिवाय हात लावू नये. मे महिन्यात सुरुवात केली तर जानेवारीपर्यंत कामापुरतं चित्र मिळतं.

तापमान आणि आर्द्रता मोजणारे छोटे बॅटरीवरचे सेन्सर आता परवडतात. साध्या चौकाच्या घराला आठ पुरतात. एक वसरीत, ऊन-पाऊस लागणार नाही असा, कारण बाहेरची हवा कळल्याशिवाय आतल्या आकड्यांना अर्थ नाही. एक राजांगणाच्या, म्हणजे घराच्या आतल्या चौकाच्या, कडेला. एक देवघरात, एक कोठीत, एक न्हाणीत, एक माळ्यावर कौलांच्या अगदी खाली. सातवा एका निजायच्या खोलीत. आठवा भिंतीला टेकलेल्या कपाटाच्या मागे, जिथे हवा हलत नाही. बुरशी पहिल्यांदा तिथेच येते. नवा खिळा ठोकू नका. जुन्या घरात खिळे हवे तितके असतात, दोऱ्याने लटकवा. दर पंधरा मिनिटांनी एक नोंद पुरे.

लावण्याआधी सेन्सरची परीक्षा घ्या. स्वस्त सेन्सर आर्द्रतेत पाच-सात टक्के सहज चुकतात आणि आपला सगळा निर्णय तेवढ्याच फरकावर असतो. परीक्षा स्वयंपाकघरात होते. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतपतच पाणी घाला, विरघळू देऊ नका. ते झाकण आणि सगळे सेन्सर हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा, डबा एकाच तापमानाला राहील असा. संपृक्त मिठावरची हवा २५ अंशांच्या आसपास ७५ टक्के आर्द्रतेवर स्थिरावते. सेन्सर ७१ दाखवत असेल तर तो चार टक्के कमी दाखवतो. चिकटपट्टीवर लिहून त्याच्या पाठीला लावा.

आता सिग्नलची अडचण. चिऱ्यांची भिंत दीड-दोन फुटांची असते आणि पावसात भिजली की वायफाय जवळजवळ गिळून टाकते. राउटर पुढच्या दारच्या बाल्कांवाजवळ ठेवून मागच्या न्हाणीतला सेन्सर बोलेल ही अपेक्षा नको. नोंदी गोळा करणारा डबा राजांगणाच्या कडेला ठेवा, कारण तिथून प्रत्येक खोलीला निदान एक दार किंवा खिडकी दिसते. घर फारच पसरलेलं असेल, किंवा गोठा-विहीर-आउटहाउस वेगळं असेल, तर लोरा, म्हणजे कमी विजेत लांबवर पोचणाऱ्या रेडिओ पद्धतीचे सेन्सर घ्या. भारतात त्यांच्यासाठी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा विनापरवाना वापरता येतो आणि ही लहर भिंतींतून बरीच सहज जाते. मात्र भिंतीला भोक पाडून केबल ओढू नका. चिऱ्यात पाडलेलं भोक पावसाला दिलेलं निमंत्रण असतं.

डेटा कुठे साठवायचा? मी होम असिस्टंट हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर छोट्या संगणकावर चालवतो. ते घरातच राहतं आणि इंटरनेट गेलं तरी काम करतं. आमच्याकडे जून ते सप्टेंबर हा गुण फार मोलाचा. मेमरी कार्डावर मात्र भरवसा ठेवू नका, वीज चार वेळा झटक्यात गेली की कार्ड मरतं. छोटी एसएसडी आणि राउटरपुरता यूपीएस घ्या. नुसत्या कंपनीच्या क्लाउडवर चालणारी उपकरणं मी टाळतो. शंभर वर्षं उभ्या असलेल्या घरात पाच वर्षांनी बंद पडणारं ॲप कशाला?

विजेसाठी मुख्य डीबीमध्ये, म्हणजे वीजवाटपाच्या पेटीत, प्रत्येक मोठ्या सर्किटवर सीटी क्लॅम्प (वायरीला वेढून तिच्यातला प्रवाह मोजणारा चिमटा) बसवून घ्या: गिझर, एसी, पंप वेगवेगळे. हे काम परवानाधारक वायरमनचं, तुमचं-माझं नव्हे.

आणखी एक साधन विसरू नका: लाकडातली ओल मोजणारा दोन सुयांचा मीटर. न्हाणीवरचे वासे, भिंतीत शिरलेली तुळयांची टोकं, माळ्याच्या फळ्या यांचं दर महिन्याला एकदा वाचन घ्या, खडूने खूण केलेल्या त्याच जागी. २० टक्क्यांच्या वर ओल टिकून राहिली की लाकूड कुजण्याचा धोका सुरू होतो. हा मीटर आमच्याकडे आधी असता तर सुताराच्या नखाची वाट पाहावी लागली नसती.

पायरी ३: हिशेब, आणि त्यातला धक्का

सूत्र सोपं आहे. लिटर गुणिले वाढवायचे अंश गुणिले १.१६, भागिले १०००, म्हणजे युनिट. विहिरीचं पाणी २७ अंश, अंघोळीचं ४०, फरक १३. वीस लिटरच्या बादलीला लागतात ०.३ युनिट. शॉवरखाली सात मिनिटं, मिनिटाला आठ लिटर धरलं तर ५६ लिटर, म्हणजे साधारण ०.८५ युनिट. बादली आणि शॉवर यांत जवळजवळ तिप्पट फरक, आणि त्यासाठी एकही यंत्र विकत घ्यावं लागत नाही. पाहुण्यांच्या बाथरूममध्ये बादली-तांब्या ठेवायला लोक का लाजतात, मला कळत नाही.

सहा खोल्यांचा होमस्टे धरू. बारा माणसं, सगळी शॉवरवाली: दिवसाला सुमारे १० युनिट उष्णता पाण्यात जायला हवी. आता तीन वाटा पाहा.

सहा गिझर दिवसभर चालू. त्यांच्या टाक्यांतून उष्णता झिरपत राहते, प्रत्येकी अर्धा ते एक युनिट. म्हणजे दहाचे पंधरा झाले. भारताच्या ग्रिडवर एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो, कारण आपली बहुतेक वीज कोळशाची. गोव्यात स्वतःचं मोठं वीजकेंद्र नाही. वीज बाहेरून येते, तसा तिचा धूरही बाहेर राहतो, एवढंच. दिवसाला दहा किलोंहून थोडा जास्त.

गॅस गिझर: ८० टक्के कार्यक्षमता धरली तर त्याच पाण्याला रोज सुमारे एक किलो गॅस लागतो. एक किलो एलपीजी जळून साधारण तीन किलो कार्बन डायऑक्साइड होतो.

म्हणजे गॅस काढून साधा विजेचा गिझर लावला, तर आजच्या ग्रिडवर उत्सर्जन तिपटीहून अधिक वाढतं! ‘सगळं विजेवर आणा’ हा सल्ला डोळे मिटून घेऊ नये, तो यासाठी. गॅस गिझरची बाजूही मी घेत नाही. बंद न्हाणीत तो कार्बन मोनॉक्साइड सोडतो आणि त्याने माणसं दगावतात. तो असेलच, तर आजच न्हाणीच्या बाहेर काढा.

हीट पंप: हवेतली उष्णता उचलून पाण्यात टाकणारा उलटा फ्रिज. गोव्याच्या उबदार हवेत तो एका युनिट विजेत तीन ते चार युनिट उष्णता देतो. टाकी आणि नळांतली गळती धरून दिवसाला साधारण चार युनिट, म्हणजे २.८ किलो. गॅसच्या बरोबरीला आला, फार पुढे नाही. तो पुढे जातो तो दुपारी, स्वतःच्या छपरावरच्या सौर विजेवर चालवला तर. वेळ साधणं हे डिजिटल यंत्रणेचं खरं काम आहे. बाकीचे आलेख पाहायला छान असतात.

आणि परसातली सोडणं? ती जाळली नाही तरी कुजून कार्बन हवेतच जाणार आहे. त्यामुळे कार्बनच्या हिशेबात चूल फार वाईट नाही. ती वाईट आहे रोज तिच्यासमोर बसणाऱ्या बाईच्या छातीसाठी.

पायरी ४: वायरिंग

यंत्र आणण्याआधी वायरमन आणा. जुन्या घरात अजून लाकडी पट्ट्यांवरची वायरिंग सापडते, कित्येकदा अर्थिंगशिवाय. पाण्याशी संबंध येणाऱ्या प्रत्येक सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, हवाच. अर्थिंगचा खड्डा नुसता असून चालत नाही, मे महिन्यात जमीन सुकलेली असताना त्याचा रोध मोजून घ्या. पावसाच्या तोंडावरच्या आणि परतीच्या गडगडाटात पहिले मरतात ते सेन्सरचे राउटर आणि हीट पंपाचं सर्किट बोर्ड, तेव्हा डीबीवर असा झटका अडवणारा सर्ज प्रोटेक्टर लावा.

एक दिलासाही आहे. दोन किलोवॉटचे सहा गिझर एकदम चालू झाले तर १२ किलोवॉट लागतात. त्या सगळ्यांचं काम करणारा हीट पंप एक किलोवॉटच्या आसपास ओढतो. मंजूर भार वाढवायची, जाड केबलसाठी भिंत फोडायची वेळ टळते.

नवी वायर भिंतीत घळ पाडून घालू नका. चुन्याच्या गिलाव्यावर उघडी पाइप वाईट दिसते असं सगळे म्हणतात, पण उद्या ती काढता येते. आमच्या मागच्या भिंतीवर एका कंत्राटदाराने घळ पाडून वर सिमेंट लिंपलं. चुना श्वास घेतो, सिमेंट नाही. पुढच्या पावसात त्या पट्ट्याच्या दोन्ही कडांना लोणा लागला आणि अख्खा गिलावा सुटला.

पायरी ५: हीट पंप कुठे बसवायचा

हीट पंप हवेतून फक्त उष्णता घेत नाही, ओलही घेतो. त्याच्या थंड कॉइलवर हवेतलं पाणी जमतं आणि नळीतून ठिबकतं. पावसाळ्यात एक युनिट वीज खाताना तो हवेतून साधारण अडीच युनिट उष्णता खेचतो. त्यातली निम्मी जरी बाष्पाची असली तरी दीड-दोन लिटर पाणी हवेतून बाहेर येतं. तीन तासांत पाच लिटरांपर्यंत. चुलीचं दुसरं काम, शेजारची कोठी कोरडी ठेवण्याचं, नव्या यंत्राकडे असं आपसूक सोपवता येतं. मात्र त्याचं तोंड त्या खोलीकडे असलं पाहिजे.

म्हणून मी यंत्र आणि टाकी एकत्र असलेला प्रकार न्हाणीशेजारच्या कोठीत किंवा जळणाच्या खोलीत ठेवायला सांगतो. अटी अशा. खोली अगदी लहान आणि बंद असेल तर तो स्वतःच सोडलेली थंड हवा परत ओढतो आणि कार्यक्षमता पडते. वाशांखालची मूळची फट किंवा जाळीची खिडकी उघडी ठेवली की भागतं. ठिबकणारं पाणी नळीने बाहेरच्या पागोळीच्या गटारात न्या, पायाशी सोडू नका. आवाज फ्रिजपेक्षा मोठा असतो, पाहुण्यांच्या उशाशी नको. आणि वजन: ३०० लिटरची भरलेली टाकी ४०० किलोंच्या घरात जाते. ती जमिनीवर. लाकडी माळ्यावर अजिबात नाही, विक्रेता कितीही ‘काही होत नाही’ म्हणाला तरी.

कोठी रिकामी नसेल आणि बाहेरच ठेवायचं असेल, तर मागच्या पडवीत ठेवा. रस्त्यावरून, अंगणातून दिसणार नाही असं. समुद्रापासून जवळ असाल, तर खाऱ्या वाऱ्यासाठी लेप दिलेली कॉइल मागून घ्या.

टाकीचा आकार हिशेबातून येतो. ३०० लिटर पाणी २७ वरून ५५ अंशांवर नेलं की जवळजवळ १० युनिट उष्णता साठते, म्हणजे आपल्या बारा पाहुण्यांचा एक दिवस. साडेतीन किलोवॉट उष्णता देणारा पंप ते सुमारे तीन तासांत करतो. अकरा ते दोन. पाच-सहा माणसांच्या बादलीवाल्या घराला १०० लिटरची टाकी पुरते.

टाकी आणि नळ यांतलं अंतर कमी ठेवा. अर्ध्या इंची नळीच्या २० मीटरमध्ये अडीच लिटर पाणी थंड होऊन बसतं आणि प्रत्येक वेळी ते वाहून जातं. नशिबाने आपल्या जुन्या घरांत न्हाण्या, मोऱ्या सगळ्या मागच्या बाजूलाच असतात. पुढच्या दिवाणखान्याला चिकटून नवं बाथरूम काढलं असेल तर त्याला हा नळ ओढू नका, तिथे छोटा तात्काळ गिझर राहू द्या. उष्णतारोधक वेष्टण सगळ्या गरम नळांवर हवं.

खरेदीच्या वेळी शीतकारक वायू विचारा. आर-४१० ए हा वायू गळला तर कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,०८८ पट तापवतो, आर-१३४ ए सुमारे १,४३० पट, तर आर-२९० फक्त तीनच्या आसपास. आर-२९० म्हणजे प्रोपेन, तो पेट घेतो, म्हणून असं यंत्र उघड्या पडवीतच शोभतं. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी बहुधा किंचित आम्लधर्मी असतं, टाकीऐवजी स्वतः झिजणारा तिच्यातला मॅग्नेशियमचा दांडा लवकर खाल्ला जातो. वर्षाला एकदा उघडून बघा.

पायरी ६: सौर पॅनेल, पण कौलांवर नव्हे

मंगळुरी कौलांवर पॅनेल बसवता येतं, कंपन्या बसवूनही देतात. मी नको म्हणतो. हूक अडकवायला कौलं कापावी लागतात, वाशांवर वारा आणि वजन दोन्ही येतं, आणि पहिल्या पावसात गळती नेमकी कुठून होतेय ते पॅनेलखाली शिरून शोधता येत नाही. आधीच माकडं काय कमी कौलं फोडतात! शिवाय दर वर्ष-दोन वर्षांनी कौलं उतरवून परतायची असतात.

गोठ्याचं पत्र्याचं छप्पर, गाडीची शेड, नंतर बांधलेलं स्लॅबचं आउटहाउस, विहिरीजवळची मोकळी जागा, यांतलं काहीतरी बहुतेकांकडे असतं. सकाळी नऊ ते तीन सावली कुठून येते ते डिसेंबरात पाहा. आणि वर माड नाही ना, तेही. नारळ पडला की पॅनेलची वॉरंटी उपयोगाची नाही.

एक किलोवॉट पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला साधारण चार युनिट देतं. जून ते ऑगस्टमध्ये ते निम्म्यावर किंवा त्याखाली येतं, काही दिवस एक युनिटही नाही. पाण्याच्या हीट पंपाला दोन किलोवॉट पुरतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती जोडणीला पहिल्या दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे ३०,००० रुपये आणि तीन किलोवॉट किंवा जास्त असेल तर एकूण ७८,००० रुपये अनुदान आहे. होमस्टेची जोडणी व्यावसायिक दरात असेल तर हे अनुदान धरून हिशेब करू नका.

पायरी ७: नियम लिहा, थोडेच

आता सॉफ्टवेअर. नवशिके इथे वाहवत जातात, चाळीस नियम लिहितात आणि मग घरातलं कुणालाच पाणी कधी गरम असेल ते सांगता येत नाही. मी पाचावर थांबलो.

पहिला: अकरा वाजल्यानंतर सौर उत्पादन एक किलोवॉटच्या वर दहा मिनिटं टिकलं की हीट पंप सुरू, टाकी ५५ अंश झाली की बंद. दुसरा: दोन वाजेपर्यंत टाकी ४५ च्या वर गेली नसेल, म्हणजे ढगाळ दिवस असेल, तर सूर्य असो-नसो चालू करा, पण संध्याकाळच्या गर्दीच्या तासांत नको. तिसरा: आठवड्यातून एकदा टाकी ६० अंशांवर, कारण कोमट साठलेल्या पाण्यात लेजिओनेला जिवाणू वाढतात. चौथा: पाहुणे नसतील त्या दिवशी टाकी तापवू नका. हा आरक्षणाच्या कॅलेंडरला जोडला की गिझर चालू राहून गेला ही भानगडच संपते. पाचवा ओलीचा आहे, तो पुढे.

बिलात वेळेनुसार दर असेल तर तोही पाहा. २०२३ मध्ये दुरुस्त झालेल्या केंद्रीय ग्राहक हक्क नियमांनुसार सूर्याच्या तासांतला दर नेहमीच्या दरापेक्षा निदान २० टक्के कमी असायला हवा. तुमच्या जोडणीला तो लागू झालाय का हे स्मार्ट मीटर आणि बिलावर दिसेल.

न्हाणीबाहेर भिंतीवर एक खरं बटण ठेवा: दाबलं की तासभर पाणी तापतं, नियम काहीही म्हणोत. काकीला ॲप नको आहे, आणि तिचं बरोबर आहे. संगणक मेला तरी हे बटण आणि हीट पंपाचा स्वतःचा थर्मोस्टॅट चालला पाहिजे.

पायरी ८: जाळ गेल्यावरची ओल

युरोपात जुन्या वाड्यांमध्ये एक पद्धत वापरतात. खोली माणसांसाठी नव्हे, वस्तूंसाठी तापवायची, आणि हीटर तापमानावर न चालवता आर्द्रतेवर चालवायचा. हवा तीन अंश गरम झाली की तिची सापेक्ष आर्द्रता उतरते: २६ अंशांची ९० टक्के हवा २९ अंशांवर ७५ टक्क्यांच्या आसपास येते, हवेतलं पाणी तेवढंच असताना. आपली चूल शेकडो वर्षं हेच करत होती, आर्द्रतामापकाशिवाय.

आपल्याला त्यातलं तत्त्व घ्यायचं आहे. अख्खं घर कोरडं करायचं मनात आणू नका. कौलांच्या फटींतून, शिंपल्यांच्या खिडक्यांतून हवा येतच राहणार, ते घर तसंच बांधलेलं आहे. एक खोली निवडा: पोथ्या, जुने फोटो, कागदपत्रं, पैठणी जिथे आहेत ती. तिची दारं नीट मिटतील अशी करा आणि तिथे छोटा डीह्युमिडिफायर आर्द्रतेवर चालवा. लक्ष्य ५० टक्के ठेवू नका. शंभर वर्षं दमट हवेत राहिलेलं लाकूड एकाएकी सुकवलं तर तडकतं. युरोपातलं २०१० चं ईएन १५७५७ हे मानकही वस्तूला सवय असलेल्या हवामानापासून फार दूर नेऊ नका असंच सांगतं, आणि ती सवय तुमच्या वर्षभराच्या नोंदीत आहे. पावसाळ्यात ६५ ते ७० पुरे. बुरशीला सलग ७५-८० च्या वर हवं असतं.

पाचवा नियम खिडक्यांचा. आत ८० टक्के आणि बाहेर ८० टक्के म्हणजे सारखं, असं नसतं. तुलना दवबिंदूची करा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं बाष्प पाणी होऊन जमू लागतं त्याची. सॉफ्टवेअर तो काढून देतं. बाहेरचा दवबिंदू आतल्यापेक्षा एक अंशाने कमी असेल तेव्हाच मोबाईलवर ‘खिडक्या उघडा’ असा निरोप येऊ द्या. श्रावणात हा निरोप क्वचित येतो. ऑक्टोबरपासून रोज येतो.

एसी लावलेल्या खोलीला इशारा वेगळा. पावसात बाहेरची हवा २८ अंश आणि ९० टक्के असली तर तिचा दवबिंदू २६ च्या थोडा वर येतो. आत एसी २२ वर असेल, तर त्या खोलीची पलीकडची बाजू, वरची लाकडी तक्तपोशी, शेजारच्या माळ्याच्या फळ्या दवबिंदूखाली जातात आणि न दिसणाऱ्या बाजूला घाम धरतात. एसी २६-२७ वर आणि वर २८-३० वॉटचा, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा, हे विजेलाही बरं आणि फळ्यांनाही. वरच्या फळीवर एक सेन्सर ठेवा.

न्हाणीवरच्या वाशांचं काय? तिथे सुयांचा मीटर चालू ठेवा. सलग दोन महिने आकडा २० वर आला तर आठवड्यातून दोनदा चूल पेटवा. मी गंमत करत नाही. सोडणं आहेत, चूल आहे, धुरांडं आहे.

देवळांच्या अग्रशाळा, संरक्षित वास्तू

फोंडा महालातल्या देवळांच्या अग्रशाळांना, म्हणजे भाविकांच्या उतरायच्या इमारतींना, हेच गणित मोठ्या आकारात लागू पडतं. फरक मागणीच्या आकाराचा. एरवी चार खोल्या भरलेल्या, आणि जत्रेला पहाटे चारला शंभर बादल्या. जत्रेसाठी यंत्र मोठं घेऊ नका, टाक्या वाढवा आणि आदल्या दुपारपासून तापवून ठेवा. पंचांग कॅलेंडरला जोडलं की हे नियमात बसतं.

पणजीतल्या फोंताइन्हाससारख्या संवर्धन क्षेत्रात घर असेल तर दर्शनी भागावर दिसणाऱ्या कुठल्याही बदलाआधी महापालिका आणि नगरनियोजन खात्याला विचारा. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षित वास्तूपासून १०० मीटरच्या आत बांधकामाला बंदी आणि पुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. जुन्या गोव्यात राहणाऱ्यांनी सौर खांबाचा पाया खणण्याआधी हे तपासावं.

चूल कधी बंद करायची

क्रम असा ठेवा. मे: सेन्सर. पावसाळा: नुसती नोंद, हात बांधून. दिवाळीनंतर वायरिंग, डिसेंबरात पॅनेल, जानेवारीत हीट पंप. पुढचा अख्खा पावसाळा चूल आणि पंप दोन्ही तयार. चुलाण फोडू नका, भाण भंगारात घालू नका.

आणि कॅलेंडरमध्ये नरकचतुर्दशी हाताने घाला. नरकासुर जाळून पोरं पहाटे परत येतात, कारीट फोडतात आणि अंगाला तेल लावून सगळं घर एकदम न्हाणीच्या दारात उभं राहतं. त्या रात्री टाकी तीन वाजता ६० अंशांवर असली पाहिजे, सौर वीज नसली तरी. आमच्या पहिल्या वर्षी ती ३८ वर होती, आणि काकीने एक शब्द न बोलता भाणाखाली सोडणं लावली.